पेट्रोल आधी ठरवा, पिस्टन मग: सुधारित एटीव्ही इंजिन आणि ऑक्टेन

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आपल्या बागायतीत चालणाऱ्या एटीव्हीबद्दल (कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी मोटरगाडी) आपण विचारले आहे. मूळ इंजिन ६७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), म्हणजे २२९ घनसेंटिमीटरचे, हवेवर थंड होणारे, दोन व्हॉल्व्हचे आणि पुशरॉडचे (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे) आहे. त्यात आपण ७० मिलिमीटरचे बोअर किट आणि उंच माथ्याचा पिस्टन बसवला आहे, हेड वाकल्यामुळे अर्धा मिलिमीटर फेसिंग करून (घासून सपाट करून) घेतले आहे, सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलला आहे आणि सायलेन्सर मोकळा केला आहे. किटच्या पाकिटावर ‘कॉम्प्रेशन ११:१, किमान ऑक्टेन ९१’ असे छापलेले आहे आणि बेंगळुरूच्या आपल्या मित्राची अशीच गाडी साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालते. कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पटीने दाबले जाते ते, आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोल त्या दाबाखाली आपोआप पेटण्यास किती विरोध करते त्याचा आकडा. मग साधे पेट्रोल पुरे, की ९५ ऑक्टेनचे घालावे, की १०० चे शोधावे, असा आपला प्रश्न आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. इंजिन आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत त्यात साधे पेट्रोल घालू नये, ९५ वरही भरल्या ट्रॉलीसह चढाला त्याचा भरवसा धरता येणार नाही, आणि १०० वर ते चालू शकेल; परंतु रोज कामाला लागणारी गाडी कायम १०० वर अवलंबून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. इंजिन बांधून झाल्यावर त्याला कोणते पेट्रोल लागेल हे विचारत बसण्यापेक्षा, आपल्याला बाराही महिने खात्रीने कोणते पेट्रोल मिळेल हे आधी ठरवावे आणि पिस्टन, हेड व टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) त्याला जुळवावे, हीच पद्धत मी वर्षानुवर्षे पाळत आलो आहे.

पहिला गोंधळ ९१ या आकड्याचा आहे. पाकिटावरचा ९१ आणि आपल्या पंपावरचा ९१ हे एकच नव्हेत. ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. रिसर्च पद्धतीत चाचणीचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालते, मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर आणि बऱ्याच अधिक तापवलेल्या मिश्रणावर, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत त्याच पेट्रोलचा आकडा कमी येतो. भारतात आणि युरोपात पहिला आकडा, म्हणजे आरओएन, सांगितला जातो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहिली जाते. आपल्याकडे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) आयएस २७९६ या मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान आरओएन ९१ आणि एमओएन (मोटर पद्धतीचा आकडा) ८१, तर प्रीमियमसाठी ९५ आणि ८५ असे दोन दर्जे धरलेले आहेत. अमेरिकी पद्धतीने सरासरी काढली तर आपले ९१ तिथल्या ८६ च्या आसपास बसते आणि आपले ९५ हे ९० च्या आसपास. अमेरिकी किटवर ‘किमान ९१’ असे लिहिले असेल, तर आपल्या भाषेत त्याचा अर्थ ‘किमान ९५, शक्य तर थोडे वरचे’ असा होतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे जळालेले पिस्टन फोंड्यापासून म्हापशापर्यंतच्या गॅरेजांत पाहायला मिळतात.

आता इथेनॉलविषयी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या अल्कोहोलविषयी, कारण आज ऑक्टेनचा विचार इथेनॉल वगळून करता येत नाही. शुद्ध इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास असतो आणि ते बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, म्हणून आत येणारे मिश्रण थंड राहते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे (ई२०) पेट्रोलचा आरओएन ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले होते, आणि ते रसायनशास्त्राला धरूनच आहे. त्यावरून ‘मग साधेच ९५ झाले, प्रीमियम कशाला’ असा निष्कर्ष आपण काढाल, तर त्याला माझे दोन आक्षेप आहेत. इथेनॉलमुळे आरओएन जेवढा वाढतो तेवढा एमओएन वाढत नाही, आणि तापलेल्या, भाराखाली दबलेल्या एअर-कूल्ड इंजिनाला एमओएनचीच गरज अधिक असते. दुसरा आक्षेप आपल्या हवेचा आहे. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीनिशी शेडमध्ये उभी राहिली, टाकीच्या झाकणातून दमटपणा किंवा थेट पाणी आत गेले आणि ठरावीक मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पाण्यासह खाली बसते व वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, कारण त्याचा वरचा आकडा इथेनॉलच्याच जोरावर होता. म्हणजे जुलैत भरलेले पेट्रोल ऑक्टोबरात तेच राहिलेले असेल, असे गृहीत धरता येत नाही.

कॉम्प्रेशनचे गणित मात्र कोणी पाकिटावरून वाचू नये, ते स्वतः करावे. मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशन ९:१ धरले तर पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी जागा २२९ भागिले ८, म्हणजे सुमारे २८.६ घनसेंटिमीटर होते. याच हेडखाली नुसता ७० मिलिमीटरचा सपाट पिस्टन घातला तरी स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या धावेतली जागा) २५० पर्यंत जाते आणि कॉम्प्रेशन, माथा उंच न करताच, ९.७ वर पोचते. मोठ्या बोअरने फक्त क्षमता वाढते असे समजणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून पाहावे. आपल्या किटचे ११:१ खरे मानले तर वरची जागा २५ घनसेंटिमीटर असायला हवी. परंतु हेडचे फेसिंग अर्धा मिलिमीटर झाले आहे, आणि दहनकक्षाचे तोंड मूळ ६७ मिलिमीटर बोअरएवढे धरले तर तेवढ्यानेच पावणेदोन घनसेंटिमीटर जागा कमी झाली. उरले सुमारे २३.२५, आणि त्यावर हिशेब केला की कॉम्प्रेशन पावणेबाराच्या घरात जाते. आपण ११ समजून चालवत असलेले इंजिन प्रत्यक्षात पावणेबाराचे आहे, आणि एअर-कूल्ड इंजिनात हा पाऊण अंकही जड जातो.

हे गणितही अंदाजच आहे, म्हणून ती जागा प्रत्यक्ष मोजावी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, इंजिन असे तिरके करा की प्लगचे भोक सर्वांत उंच येईल, आणि ब्युरेटने पातळ तेल सोडून भोकाच्या आतल्या कडेपर्यंत किती मावते ते पाहा. रिंगांतून तेल झिरपत असेल तर सिलिंडर खोलून पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून घ्यावे. प्लगच्या आट्यांतले तेल त्यातून वजा करायला विसरू नये. लहान इंजिनात अर्धा घनसेंटिमीटरही निकाल हलवतो. कॉम्प्रेशन गेजवर मात्र सर्वस्वी विसंबू नका. पुष्कळ एटीव्हींच्या कॅमवर सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारा डीकॉम्प्रेसर असतो, त्यामुळे गेज मुळापेक्षा कितीतरी कमी दाब दाखवते आणि मालक निर्धास्त होतो.

कॉम्प्रेशनचा आकडा एकटा काही ठरवत नाही, हेही सांगायला हवे. रॉयल एनफिल्डच्या ६५० इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.५ आहे आणि केटीएम ३९० चे साडेबाराच्या वर, तरीही दोन्ही गाड्या आपल्याच पंपांवर पेट्रोल भरतात. केटीएमला ते जमते, कारण तिथे पाण्याचे कूलिंग आहे, चार व्हॉल्व्हचा आटोपशीर दहनकक्ष आहे, प्लग मध्यभागी आहे आणि टायमिंग व पेट्रोल क्षणोक्षणी ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो. नॉकिंग होते ते ठिणगीनंतर, ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटल्यामुळे. ज्योतीला लांबचा प्रवास करावा लागला, धातू तापलेला असला किंवा इंजिन कमी फेऱ्यांवर दबून चालत असले, की त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळ मिळतो. आपल्या इंजिनात या तिन्ही गोष्टी आहेत. बोअर वाढवल्यामुळे ज्योतीचे अंतर वाढले आहे, बाजूला बसवलेल्या प्लगपासून पलीकडची भिंत आणखी दूर गेली आहे, आणि जांभ्या दगडाच्या चढावर, माणूस चालतो त्या वेगाने, मागे नारळ किंवा खताच्या पोत्यांची ट्रॉली ओढताना सिलिंडरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या फिन्सवरून वारा जवळजवळ वाहतच नाही. तेच इंजिन मोकळ्या मैदानावर वेगाने पळवणाऱ्याला ९५ पुरले म्हणून आपल्याला पुरेल असे नाही.

मित्राच्या बेंगळुरूच्या गाडीचा दाखला याच कारणाने इथे लागू पडत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी असतो. प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये तेवढी कमी हवा जाते, शेवटचा दाब कमी राहतो आणि ऑक्टेनची गरजही कमी होते. गोव्यात पूर्ण दाबाची हवा मिळते, म्हणून ताकद अधिक आणि नॉकिंगचा धोकाही अधिक. दमट हवेबद्दल मात्र एक दिलाशाची गोष्ट आहे: हवेतील बाष्प नॉकिंगला थोडे आवरते. म्हणून श्रावणात गुणी वाटणारे इंजिन मार्च-एप्रिलच्या दुपारी खडखडू लागते, आणि लोक पंपवाल्याला दोष देतात. टायमिंग आणि जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छोटे भोक) कोणत्याही ऋतूत लावा, पण शेवटचा निर्णय उन्हाळ्यातल्या दुपारच्या चाचणीनंतरच घ्या.

ऑक्टेनकडे वळण्यापूर्वी मिश्रण नीट करावे, कारण मिश्रण पातळ असेल तर कितीही चांगले पेट्रोल घातले तरी इंजिन तापणारच. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते तर ई२० ला साडेतेरा पटीच्या आसपास पुरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकेच द्रव सोडतो आणि मिश्रण सहा-सात टक्क्यांनी पातळ होते. मोकळा सायलेन्सर आणि मोठा बोअर त्यात आणखी भर घालतात. केहिन कंपनीच्या कार्ब्युरेटर-जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, त्यामुळे केवळ इथेनॉलची भरपाई करायची तर ११० च्या जागी ११५ च्या जवळ जावे लागते. मिकुनी कंपनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो, तिथे ११० च्या जागी ११७.५ लागेल. दोन्ही कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. बोअर व सायलेन्सरचा हिशेब यावर वेगळा, आणि तो प्लगचा रंग पाहूनच लागतो.

तेलाकडेही पाहा. बोअर किट सैल बसले असेल, रिंगांवरून वायू खाली उतरत असेल आणि क्रँककेसचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, जोडलेला असेल, तर तेलाची वाफ मिश्रणात मिसळते. इंजिन ऑइलचा ऑक्टेन फारच कमी असल्याने थोड्या तेलानेही महागडे पेट्रोल वाया जाते. ब्रीदरला तेल साठवणारी छोटी कॅच टाकी लावली तर खर्च नगण्य आणि फायदा लगेच दिसणारा.

टायमिंगचा मुद्दा सीडीआयपाशी येतो. बाजारातले ‘रेसिंग’ म्हणून विकले जाणारे सीडीआय बहुतेक वेळा फक्त ठिणगी लवकर पाडतात किंवा फेऱ्यांची मर्यादा काढून टाकतात. वाढलेल्या कॉम्प्रेशनमध्ये मिश्रण आधीच जलद जळते, त्यामुळे टायमिंग खरे तर मागे घ्यायला हवे आणि इथे उलटेच केले जाते. टायमिंग लाइट लावून पूर्ण अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) किती येतो ते पाहा आणि सुरुवातीला मूळ सेटिंगपेक्षा तीन-चार अंश मागे ठेवा. वरच्या फेऱ्यांवर ताकद किंचित कमी वाटेल. बागायतीच्या चढावर ती आपल्याला जाणवणारही नाही. याउलट ऑक्टेन वाढवून ताकद वाढते हा समज सोडून द्यावा. जे इंजिन ९५ वर खडखडत नाही त्याला १०० घालून पैशाव्यतिरिक्त काही बदलत नाही, कारण ऑक्टेन हे ऊर्जेचे नव्हे तर आपोआप पेटण्यास विरोध करण्याचे माप आहे.

नॉकिंग ओळखायचे कसे, हा प्रश्न आपण विचारला नव्हता, पण उत्तराचा सर्वांत उपयोगी भाग कदाचित हाच असेल. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो खरा. परंतु मोकळा सायलेन्सर आणि हेल्मेट असताना तो ऐकू येत नाही, आणि ऐकू येईपर्यंत पिस्टनचे नुकसान सुरू झालेले असते. आमच्याकडे एक साधी युक्ती चालते: तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून, त्याला भोक पाडून ते हेडच्या बोल्टखाली घट्ट बसवायचे, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती कान झाकणाऱ्या इअरमफमध्ये आणायची. एकदा ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही. नंतर नवा प्लग घालून पूर्ण भाराचा एक चढ चढा, इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण दिसले, तर पेट्रोल, टायमिंग किंवा मिश्रण यांपैकी काहीतरी चुकते आहे. प्लगचे टोक वितळल्यासारखे दिसले तर तो नॉकिंगपेक्षा वेगळा आजार, प्रीइग्निशनचा, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा. त्याला ऑक्टेनपेक्षा थंड प्रकारचा (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग आणि कार्बन साफ केलेले हेड अधिक लागू पडते.

चाचणी नेहमी वरच्या ऑक्टेनकडून खाली यावी, खालून वर जाऊ नये. टाकी रिकामी करून १०० चे पेट्रोल भरा आणि वर सांगितल्याप्रमाणे तपासा. निकाल स्वच्छ आला तर त्यात ९५ निम्मे मिसळा, जे ढोबळमानाने ९७-९८ होईल, आणि मग केवळ ९५ वर या. इंडियन ऑइलचे एक्सपी१००, एक्सपी९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर९५ किंवा भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७ यांपैकी आपल्या वाटेवरच्या पंपावर काय नियमित असते याची आधी चौकशी करा. १०० प्रत्येक पंपावर मिळत नाही. नावावर न जाता नोझलजवळ लिहिलेला आकडा वाचा, कारण ‘प्रीमियम’ नावाच्या काही पेट्रोलमध्ये फक्त इंजिन साफ ठेवणारे रसायन अधिक असते. चाचणी आपल्याच बागायतीच्या चढावर करा. किनाऱ्यावरच्या वाळूत इंजिनावर चांगला भार येतो हे खरे, पण गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालायला बंदी आहे.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ‘पाच पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असते तेव्हा एक पॉइंट म्हणजे बहुधा ऑक्टेनचा एक दशांश असतो, म्हणजे प्रत्यक्ष वाढ अर्ध्या अंकाची. मँगनीज किंवा लोहाची संयुगे असलेले बूस्टर खरोखर काम करतात, पण प्लगवर तांबूस थर ठेवून जातात, जो पुढे ठिणगीलाच अडवतो. टाकीत विमानाचे इंधन घालावे ही कुजबुज मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर प्रवासी विमानांत भरले जाते ते एटीएफ, आणि ते केरोसीनच्या जातीचे असते. त्याचा ऑक्टेन साध्या पेट्रोलच्याही पुष्कळ खाली. लहान पिस्टन-विमानांचे १०० ऑक्टेनचे अ‍ॅव्हगॅस हे वेगळे आणि शिसेयुक्त इंधन आहे. कोणी ‘विमानाचे पेट्रोल’ म्हणून कॅन पुढे केला तर तो टाकीजवळही आणू नये.

आपल्या इंजिनापुरते सांगायचे तर मी ते ९५ साठी बांधेन आणि कॉम्प्रेशन सव्वादहाच्या जवळ आणेन. त्यासाठी वरची जागा सुमारे २७ घनसेंटिमीटर हवी, म्हणजे आजच्यापेक्षा पावणेचारने अधिक. सिलिंडरखाली जवळपास एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम स्पेसर घातला तरी आकडा साधतो, परंतु पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट रुंद होते, मिश्रण ढवळले जात नाही आणि नॉकिंगची शक्यता काही अंशी परत येते. म्हणून कमी माथ्याचा पिस्टन मिळत असेल तर तोच घ्यावा. न मिळाल्यास लेथवर माथा उतरवता येतो, पण आधी पिस्टनच्या माथ्याची जाडी आतून मोजून, आणि व्हॉल्व्हच्या खाचांखाली धातू पुरेसा राहतो आहे हे पाहूनच. स्पेसर घातलाच तर इंजिन पुशरॉडचे असल्याने व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) नव्याने लावावा लागेल आणि तो लावण्याच्या स्क्रूची लांबी पुरते का तेही पाहावे लागेल. त्यानंतर जेट, टायमिंग आणि चाचणी याच क्रमाने. हे काम होईपर्यंत गाडी वापरणे भाग असेल तर १०० भरा, ट्रॉली अर्धी ठेवा, चढाला एक गिअर खालचा घ्या म्हणजे इंजिन दबणार नाही, आणि मृग लागण्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल रिकामा करून दसऱ्याच्या सुमारास ताजे पेट्रोल भरा.